नासक्या दीर्घिकांची वही

शेख सरांबरोबर भाजी घ्यायला जाऊ नये, यावर आमच्या स्टाफरूमचं एकमत होतं. एरवी आमचं एकमत फक्त सुट्टीच्या अर्जांवर व्हायचं. मी कॉलेजात नवी होते, मला कुणी सावध केलं नव्हतं, म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर नगरच्या भाजीबाजारात गेले. एका मावशींनी अर्धा किलो गवार तोलली, पारडी समोरासमोर आली, मी पिशवीचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, आता गवार तिकडच्या पारड्यात टाका आणि वजन इकडच्या."

मावशींनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. जणू यांना आणलं ते मीच.

"का वं? माज्या काट्यात खोट हाय व्हय?"

"खोट नाही म्हणत. काटा सरळ असेल तर उलटा करूनही सरळच राहील. तुमचंच नुकसान होत असेल कदाचित, कोण जाणे."

मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. मावशींनी धुसफुसत पारडी बदलली, तर गवारीचं पारडं झपकन खाली गेलं. म्हणजे ती बाई कितीतरी दिवस प्रत्येकाला मूठभर भाजी जास्तीच देत होती. सरांनी खिशातून लोखंडी वॉशर आणि सुतळीचा तुकडा काढला. अशा वस्तू त्यांच्या खिशात कायम असत. हलक्या पारड्याच्या साखळीला त्यांनी तो वॉशर बांधला, काटा पुन्हा पाहिला, पुन्हा उलटून पाहिला आणि मगच मला गवार घेऊ दिली. मावशींनी वरून कढीपत्त्याची जुडी टाकली. अर्धा किलो गवारीला आम्हाला पाऊण तास लागला होता. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, या माणसाबरोबर पुन्हा म्हणून बाजारात जायची नाही. पुढे वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर जात राहिले.

रज्जाक शेख हे त्यांचं नाव. पदार्थविज्ञान शिकवायचे. गावात मात्र त्यांना काटेवाले सर म्हणत, कारण दाळमंडईत त्यांच्या वडिलांचं तराजू दुरुस्तीचं दुकान होतं. पोरं हे नाव जरा चावटपणे घेत, कारण सरांच्या पेपरात मार्क मिळवणं म्हणजे बाभळीवर चढणं होतं. सरांना ते माहीत होतं. वर्गात कुणी चुकून "काटेवाले सर" म्हणालं तर ते हजेरीपटातून मान वर करून "प्रेझेंट" म्हणत.

वडिलांचा एक पितळी तराजू त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला होता. दरवर्षी पहिल्या तासाला ते तो टेबलावर टांगत. रिकामी पारडी, काटा मध्यावर. "सरळ आहे का हा?" सगळा वर्ग म्हणे, सरळ आहे. मग सर डाव्या पारड्याखाली मेणाने चिकटवलेला एक खडा काढून दाखवत, आणि काटा कलंडे. "याला पासंग म्हणतात. काटा सरळ दिसतोय, पण तो काट्यामुळे सरळ आहे की पासंगामुळे, हे नुसतं बघून कळत नाही. आपण वर्षभर हेच शिकणार आहोत." मग तराजू कपाटात जाई आणि सर अभ्यासक्रमाकडे वळत. माझ्या गणिताच्या वर्गातली मुलं हा तास ऐकायला मागच्या बाकांवर जाऊन बसत. मला त्याचा जरा रागही येई.

मी येण्याच्या आधीपासूनच सरांना दीर्घिकांचं वेड लागलं होतं. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, तशा अगणित दीर्घिका आकाशात आहेत, प्रत्येकीत अब्जावधी तारे मध्याभोवती फिरतात. आता एवढं वेड म्हटल्यावर लोकांना वाटे, सर गच्चीवर दुर्बीण लावून बसत असतील. सर नऊ वाजता झोपत. "दुर्बीण? नाही बुवा. मला थंडी बाधते." परदेशातल्या वेधशाळांनी मोजमापांचे तक्ते नेटवर सगळ्यांसाठी मोकळे ठेवलेले असतात. ते उतरवून घ्यायचे आणि पहाटेच्या नमाजानंतर कॉलेजची वेळ होईपर्यंत घरच्या जेवणाच्या टेबलावर आलेख काढत बसायचं. आलेखाचे कागद मुलांच्या जुन्या जर्नलमधले, मागची बाजू कोरी असलेले. सरांच्या पत्नी शमीमभाभी पोळ्या लाटता लाटता मला सांगत, "इनको दुनिया का काटा दुरुस्त करना है. घर का नल टपकता सो टपकता."

त्यांचं म्हणणं काय होतं, ते मला नीट कळलं पुणतांब्याला. तिथे गोदावरीकाठी आमच्या विद्यार्थ्यांचं श्रमदानाचं शिबिर होतं, आणि दुपारी गावातली मंडळी देवळाच्या ओट्यावर जमली होती. कुणीतरी सरांना विचारलं, तुम्ही नक्की करता काय? सरांनी गोफण मागितली. एका आजोबांची होती, ती आणली गेली. सरांनी तीत दगड घालून डोक्याभोवती हळू फिरवली.

"दोरी दगडाला धरून ठेवते. दगड जोरात फिरवला तर दोरीही मजबूत हवी, बरोबर?"

"व्हय."

"तारे असेच फिरतात. आणि दोरी कसली, तर मधल्या सगळ्या ताऱ्यांच्या ओढीची, गुरुत्वाकर्षणाची. आता मधे किती माल आहे ते त्याच्या उजेडावरून मोजता येतं. त्यावरून दोरी किती मजबूत ते काढता येतं. पण कडेचे तारे इतके जोरात फिरतात, की या दोरीने तुटायलाच पाहिजे. आणि तुटत नाही."

आजोबांनी गोफणीच्या दोरीला बोट लावून पाहिलं. "मंग मधी आनखी कायतरी माल आसंल. दिसत नसंल त्यो."

"जगातले बहुतेक शास्त्रज्ञ हेच म्हणतात, आजोबा."

"न्हाईतर मंग दोरी किती मजबूत ते काढायचा तुमचा हिशेबच चुकला आसंल."

सरांनी गोफण खाली ठेवली आणि आजोबांचे दोन्ही हात हातात घेतले. मला म्हणाले, "मॅडम, हे बघा. यांनी पाच मिनिटांत दोन्ही बाजू मांडल्या."

न दिसणारा माल म्हणजे पासंग, असं सर म्हणत. काटा जुळत नाही म्हणून जगाने हलक्या पारड्याला एक अदृश्य पासंग बांधला. असेलही तो खरा. पण काटाच चुकत असेल तर? गुरुत्वाकर्षणाचा नियम आपण तपासला तो आपल्या सूर्याच्या आसपास, जिथे ओढ जोरकस आहे. दीर्घिकेच्या कडेला ओढ अतिशय क्षीण असते. "धान्याच्या काट्यावर सोनाराची गुंज ठेवा. काटा हलणार नाही. म्हणून गुंजेला वजनच नाही असं म्हणाल का? त्या काट्याला तेवढं बारीक कळत नाही, एवढंच." ओढ फार क्षीण झाली की नियम जरा वेगळा वागतो, असं सांगणारा एक पर्यायी नियम काही अभ्यासकांनी मांडला होता, आणि सर त्याच्या बाजूचे होते. मी मुद्दाम पासंगाच्या बाजूने बोलायची, कारण वाद घालताना सर दोन कप चहा सांगत.

त्या नियमात एक गोष्ट खरोखर देखणी होती, हे मलाही मान्य करावं लागे. दीर्घिकेचा नुसता उजेड बघून तिचे तारे किती वेगाने फिरतील ते त्यातून थेट निघायचं. न दिसणाऱ्या मालाचा अंदाज धरायची गरजच नाही. म्हणजे नियम तपासता येणार होता. सर पेन्सिलने भाकिताची रेघ काढत, खाली सही करत, आणि मगच प्रत्यक्ष मोजलेल्या वेगांचा तक्ता उघडून लाल ठिपके देत. "आधी लिहा, मग बघा" हे त्यांचं पालुपद होतं. क्रिकेटची मॅच असो, विद्यापीठाचा निकाल असो, माझ्या मुलीला मुलगा होणार की मुलगी असो, ते चिठ्ठीवर आपला अंदाज लिहून पाकिटात बंद करून माझ्याकडे देत. बहुतेक वेळा चुकत. पाकीट फोडताना त्यांना बरोबर आल्यावर जेवढा आनंद होई तेवढाच चुकल्यावरही होई, आणि हे काही मला कधी जमलं नाही.

ज्या दीर्घिकांत लाल ठिपके पेन्सिलच्या रेघेवर बसत, त्या हिरव्या वहीत चिकटवल्या जात. काही बसत नसत. मग सर त्या दीर्घिकेची कसून तपासणी करत. हिचा कल, म्हणजे ती आपल्याला किती तिरकी दिसते, तो नीट मोजलेला दिसत नाही, हिच्यातला वायू विस्कटलेला आहे, हिचं अंतर भरवशाचं नाही. अशा सगळ्या एका खाकी वहीत जात. वहीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव होतं, 'नासक्या'.

हिरवी वही वर्षावर्षाला जाड होत गेली. निवृत्तीला काही महिने राहिले असताना पुण्यातल्या एका संस्थेच्या चर्चासत्रात सरांचा निबंध स्वीकारला गेला. वीस मिनिटं मिळणार होती. तालुक्यातून आलेल्या मुलांना पदवीपर्यंत शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला पहिल्यांदाच त्या विषयातले जाणकार ऐकणार होते. स्टाफरूमने पेढे वाटले. प्राचार्यांनी सूचनाफलकावर सूचना लावली. त्या आठवड्यात सरांनी घरचा नळ दुरुस्त करून घेतला, असं भाभींनी सांगितलं.

आता बबनरावांबद्दल सांगायला हवं. बबनराव जाधव हे प्रयोगशाळेचे परिचर. पुणतांब्याचे, तीस वर्षं सरांच्या हाताखाली. घरी कांद्याची शेती. कांदे निघाले की त्यांची रजा ठरलेली. सर आणि बबनराव एकमेकांशी फार बोलत नसत. सरांनी नुसता हात पुढे केला की त्यात हवी ती वस्तू पडायची. सरांची मिशी जरा हलली तरी बबनरावांना कळे की प्रयोग बिघडला.

त्या दुपारी सर प्रयोगशाळेत निबंधासाठी दोन्ही वह्या चाळत होते. मी आकडेमोड पुन्हा तपासत बसले होते. बबनराव भिंगं पुसत होते. पुसता पुसता त्यांनी खाकी वहीकडे मान केली.

"सर, ह्या नासक्या कश्यावरून?"

सरांनी आनंदाने समजावून सांगितलं. कल, वायू, अंतर.

"आन् ह्या हिरवीतल्या? ह्यांचा कल बघितला व्हता?"

"त्या रेघेवर बसल्या ना, बबन."

"बसल्या म्हून बघितला न्हाई?"

बबनरावांनी फडकं खांद्यावर टाकलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. ते आपलं शेतातलं सांगत होते. "न्हाई, आमच्यात कांदा नासका हाय का न्हाई ते वरून हात लावून ठरवत्यात. तुमी आधी फोडता, चव घेता, तिखट लागला की म्हन्ता नासका."

पंख्याखाली वहीची पानं उलटत होती. सरांनी हिरवी वही मिटली, खाकी वही मिटली, दोन्ही एकावर एक नीट ठेवल्या. मग म्हणाले, "पारडी बदलायची राहिली."

मला अजून ते वाक्य आठवलं की कसंतरी होतं. अख्ख्या बाजाराला पारडी बदलायला लावणारा माणूस. त्याने रेघेवर न बसणाऱ्या दीर्घिकांना जी चाळणी लावली, ती बसणाऱ्यांना कधी लावलीच नव्हती. कुणाला फसवायचा विचार त्यांच्या मनात शिवणंही शक्य नव्हतं. आधी लिहीत होते, मग बघत होते, पण कुणाला मोजायचं ते मात्र बघितल्यावर ठरवत होते. आणि मी, गणिताची प्राध्यापक, मुलांना संख्याशास्त्र शिकवणारी, कित्येक वर्षं त्या दोन वह्या बघत होते. मला ते दिसलं नाही. मला सरांपेक्षा माझी जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सर कामावर आले तेव्हा दाढी वाढलेली होती. बबनराव त्यांच्यासमोर जायला धजावत नव्हते, बाहेर व्हरांड्यात घुटमळत होते. सरांनीच हाक मारली. "बबन, ये इकडं. कांदा कसा निवडतात ते नीट सांग. पहिल्यापासून." आणि ते वहीत लिहून घेऊ लागले. मान दाबून बघायची, मऊ लागली तर बाजूला. काजळी धरली तर बाजूला. दुभाळका, म्हणजे एकात दोन असलेला, वेगळ्या ढिगात. भाव काय लागणार ते निवडणाऱ्याच्या कानावर येऊ द्यायचं नाही. हे शेवटचं सरांनी दोनदा अधोरेखित केलं.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही पहिल्यापासून सगळं केलं. एकच चाळणी, सगळ्यांना. हिरव्या वहीतल्या बऱ्याच दीर्घिका गळाल्या. खाकीतल्या काही अगदी धडधाकट निघाल्या. धडधाकट निघालेल्यांपैकी काही सुधारलेल्या मापांनी रेघेवर येऊन बसल्या, पण मूठभर अशा होत्या की काही केल्या बसेनात. तारे भाकितापेक्षा हळू फिरत होते. नासक्या म्हणायला जागा नव्हती, आणि रेघेवर तर येत नव्हत्या. सरांचा देखणा निबंध आता ओबडधोबड झाला होता.

प्राचार्य म्हणाले, वीस मिनिटं तर आहेत, जमलेल्या तेवढ्या दाखवा, बाकीच्या पुढच्या वेळी. हे त्यांनी म्हणावं यात नवल नाही. मीही तेच म्हटलं. पुण्याला निघालो तेव्हा गाडीत म्हटलं, "सर, ही तुमची पहिलीच वेळ आहे. त्या मूठभर तिथे कोण विचारणार आहे?" खोटं कशाला बोलू, मला ते तिथे हसं होऊन परत यायला नको होते. मला त्यांची काळजी वाटत होती, आणि ती माझ्या तत्त्वांपेक्षा मोठी झाली होती.

सुप्याला चहाला थांबलो. समोर एमआयडीसीतून सुटलेल्या पहिल्या पाळीचे कामगार भजी खात उभे होते. सर कपातल्या चहाकडे बघत होते. बबनराव आमच्याबरोबर होते, सरांनीच आग्रहाने आणलं होतं.

"मॅडम," सर म्हणाले, "ती गवारवाली मावशी आठवते? त्या दिवशी काटा तिच्या विरुद्ध होता. समजा तो तिच्या बाजूने असता, तर मी काही न बोलता उठून आलो असतो का?"

मी म्हटलं, "नाही. दीड तास लावला असतात."

ते हसले. मग खाकी वही पिशवीतून काढून हिरवीच्या वर ठेवली आणि गाडीत बसेपर्यंत तशीच हातात धरली.

सभागृहात मी मागच्या रांगेत बसले होते. शेख सर उभे राहिले, टायचा त्यांना सराव नव्हता, ती एका बाजूला गेली होती. त्यांनी पहिल्याच मिनिटाला दोन्ही वह्या वर करून दाखवल्या आणि आपण काय चूक केली ते सांगितलं. "ही चूक माझ्या नजरेला आली नाही. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या बबनराव जाधवांच्या नजरेला आली, ते तिथे बसले आहेत." सगळ्या माना वळल्या. बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग सरांनी एक एक करत दाखवलं, या बसल्या, या बसल्या, आणि या मूठभर बसत नाहीत. "काटा चुकतो की पासंग आहे, हे मी आज सांगू शकत नाही. महिन्यापूर्वी सांगू शकलो असतो. तेव्हा मला कमी माहीत होतं."

टाळ्या बेताच्याच वाजल्या. चहाच्या वेळी एका नामवंत गृहस्थांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्यांशी बोलायला निघून गेले. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं संपलं. तेवढ्यात एक तरुण संशोधक बाई वाट काढत आल्या, चहाचा कप तसाच हातात. त्यांनी हिरव्या वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सर, त्या न बसणाऱ्यांची यादी मला मिळेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांनी त्या मूठभर दीर्घिकांचा शेजारपाजार पाहिला होता. बहुतेकींच्या जवळ एक एक मोठी दीर्घिका होती. आता नेहमीच्या नियमात शेजाऱ्याच्या अशा सगळीकडे सारख्या ओढीने आतल्या ताऱ्यांच्या फिरण्यात काही विशेष फरक पडत नाही. पण सरांच्या पर्यायी नियमात पडतो. मोठा शेजारी असेल तर आतले तारे हळूच फिरायला हवेत. सरांना हे कागदावर माहीत होतं. पण त्या दीर्घिकांना नासक्या म्हणून बाजूला टाकल्यावर त्यांचा शेजारी बघायला जाणार कोण?

"योगायोगही असेल," त्या बाई म्हणाल्या. "थोड्याच तर आहेत. नव्या दीर्घिका घेऊन तपासायला हवं."

"आणि आधी लिहून," सर म्हणाले. "शेजारी कुणाला आहे, कुणाला नाही, त्यावरून आधी लिहून."

येताना सुप्याला त्यांनी मधुमेह विसरून दोन प्लेट भजी खाल्ली. तिसरी बबनरावांनी ओढून घेतली.

त्याच वर्षी दोघंही निवृत्त झाले. दीडेक वर्षाने माझंही नगर सुटायचं ठरलं, मुलीकडे कायमची राहायला जायचं होतं. निरोप घ्यायला सरांच्या झेंडीगेटच्या घरी गेले तर भाभी म्हणाल्या, आठवड्यातले चार दिवस पुणतांब्यालाच असतात, नळ पुन्हा टपकतोय. मी पुणतांब्याची एसटी धरली.

बबनरावांच्या वस्तीवर कांदा साठवायची चाळ आहे, हवेशीर फळ्यांची. तिच्या सावलीत गोणपाट अंथरून बबनराव बसले होते, चष्मा नाकावर. पुढ्यात कांदे नव्हते. नव्या दीर्घिकांचे छापलेले फोटो होते, शंभरेक तरी, आणि ते एक एक उचलून, उजेडाला धरून, तीन ढीग करत होते. त्यांच्याकडे पाठ करून, दहा पावलांवर, गोदावरीच्या पात्राकडे तोंड करून शेख सर खुर्चीत बसले होते.

"मॅडम आल्यात सर," बबनराव म्हणाले.

"या, या, मॅडम!" खुर्चीतून आवाज आला. मान वळली नाही. "माफ करा हं. वळता येत नाही."

मला वाटलं, मान धरली की काय. बबनरावच हसत म्हणाले, "आवो, कुटली घ्यायची, कुटली टाकायची, ते मी ठरवायचं. मला त्यांचा नियमबियम कळत न्हाई, म्हून मलाच बसवलंय. पर सरांचं तोंड दिसलं की मला समदं कळतं. मिशी हालती त्यांची. मंग म्हन्ले, मी पाठ करून बसतो."

मी तिथेच गोणपाटावर बसले. माझे डोळे भरून आले होते आणि ते सरांना दिसत नव्हते, हे बरंच झालं. तासभर बोललो. भाभींचा नळ, माझी मुलगी, पुण्याच्या बाईंच्या पत्रातली खुशाली. त्यांचा सदरा पाठीवर उसवलेला होता, वाऱ्याने त्याचा दोरा हलत होता. मधेच बबनराव एखादा फोटो उलटसुलट करत म्हणत, "ही दुभाळकी," आणि तो फोटो वेगळ्या ढिगात जाई. सर एकदाही "कुठली?" म्हणाले नाहीत. एकदा फक्त त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला.

निघताना मी म्हटलं, "येते सर."

त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, डिंकाने बंद केलेलं, चिकटवलेल्या जागी सही केलेली. खांद्यावरून मागे धरलं. "आधी लिहिलंय. बबनचं निवडून झालं, ठिपके देऊन झाले, की फोन करीन. मग फोडा."

"आणि चुकलं असेल तर?"

"तर मिठाई आणीन मी. बरोबर आलं तर तुम्ही आणा."

मी पाकीट घेतलं. त्यांची बोटं क्षणभर माझ्या हाताला लागली. मला पुढे जाऊन त्यांचा चेहरा एकदा बघावासा फार वाटला. पण पुढे गेले असते तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं, मी मागे बबनरावांकडे बघितलं असतं, आणि बबनरावांना माझ्या तोंडावरून काय कळलं असतं कोण जाणे. म्हणून मी नाही गेले. रस्त्याला लागल्यावर वळून पाहिलं तर सर तसेच नदीकडे तोंड करून बसले होते, आणि मागे बबनराव पुढचा फोटो उजेडाला धरत होते.

पाकीट माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. नातीने परवा विचारलं, आजी, यात काय आहे? मी म्हटलं, मला माहीत नाही. अजून फोन आलेला नाही.